गड्ड्यानंतर म्हणजे नेमकं कधी? व्यापारी करार स्वच्छ मराठीत लिहिण्याची पद्धत

सोलापुरात कोणी "गड्ड्यानंतर", म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेनंतर, "पैसे देतो" म्हटलं की समोरचा मान डोलावतो. दोघांनाही अंदाज असतो, दोघांची वर्षानुवर्षांची ओळख असते. हेच वाक्य करारात उतरलं की मात्र प्रश्न सुरू होतात. गड्ड्यानंतर म्हणजे अक्षता सोहळ्यानंतर, होमविधीनंतर, की होम मैदानावरचे पाळणे उतरल्यावर? यात्रेचे मुख्य विधी जानेवारीच्या मध्यावर होतात, दुकानं मात्र पुढेही बरेच दिवस उभी असतात. मोठ्या बिलावर तेवढ्या दिवसांचं व्याज काही कमी नसतं.

बहुतेक करार सही करणाऱ्या दोघांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. सौदा काय ठरला हे त्या दोघांना माहीतच असतं. करार वाचण्याची वेळ येते ती तिसऱ्यावर. नवा हिशेबनीस, परगावाहून परत येऊन धंद्यात बसलेला मुलगा, बँकेचा अधिकारी, लवाद किंवा न्यायाधीश, यांपैकी कोणीही बोलणी झाली त्या दिवशी तिथे नव्हतं. पुढे सांगितलेली प्रत्येक गोष्ट या तिसऱ्या माणसासाठी आहे.

उदाहरणासाठी एकच सौदा धरू. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल कारखानदार मुंबईच्या खरेदीदाराला हॉटेलांसाठी ५०० डझन टॉवेल विकतो आहे. त्यातलं काही विणकाम तो शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागधारकाकडून जॉब वर्कवर, म्हणजे आपलं सूत देऊन मजुरीवर, करून घेणार आहे. म्हणजे करार दोन झाले.

आधी सौदा बोली भाषेत उतरवा

जुना करार उघडून नावं बदलण्याची सवय सर्वात घातक. त्या करारात कुणाच्या तरी वेगळ्या भांडणाची उत्तरं असतात आणि तुमच्या सौद्याची नसतात. आधी कोरा कागद घ्या आणि सौदा जसा घडणार आहे त्याच क्रमाने लिहून काढा. ऑर्डर कोण देणार, ॲडव्हान्स किती, सूत कोण घेणार, नमुना कोण मंजूर करणार, माल कुठून कुठे जाणार, भाडं कोणाचं, तपासणी कधी, बिल कधी, पैसे कधी. मग प्रत्येक टप्प्यापुढे एकच प्रश्न लिहा: हे झालं नाही तर? उत्तर माहीत नसेल तर करार लिहायची वेळ अजून आलेली नाही. समोरच्याला फोन करा.

हे कष्ट घ्यायला कायद्याचंही कारण आहे. अटी एकदा लेखी झाल्या की त्या लेखाला छेद देणारं "आमचं तोंडी असं ठरलं होतं" हे पुराव्यात सहसा ऐकलं जात नाही. आणि जे लिहिलं तेच अनिश्चित असेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ मधलं कलम २९ सांगतं की असा करार निरर्थक. कायद्यातलं उदाहरण मजेदार आहे. "माझा पांढरा घोडा पाचशे किंवा हजार रुपयांना" विकण्याचा करार केला, पण दोनपैकी किंमत कोणती हे कशावरूनच कळत नाही, तर करारच उरत नाही. दुसरं उदाहरण "शंभर टन तेला"चं. कोणतं तेल हे सांगितलंच नाही तर करार निरर्थक. विकणारा फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल तर मात्र अर्थ लावता येतो. म्हणजे धंद्याच्या स्वरूपावरून कोर्ट अर्थ काढू शकतं. पण चादर, टॉवेल, नॅपकिन आणि बेडशीट हे सगळं एकाच गाळ्यातून विकणाऱ्याने त्या आशेवर राहू नये.

पक्ष कोण, हे पहिल्या पानावर संपवा

"लिहून देणार" आणि "लिहून घेणार" ही जोडी खरेदीखतात चालून जाते, कारण तिथे एक देतो आणि एक घेतो. टॉवेलच्या सौद्यात दोघेही देतात आणि दोघेही घेतात. "प्रथम पक्ष, द्वितीय पक्ष" लिहिलं तर वाचणारा दर ओळीला पहिल्या पानावर परत जातो. त्यापेक्षा कामावरून नाव द्या, म्हणजे "कारखानदार", "खरेदीदार", "यंत्रमागधारक". एकदा "खरेदीदार" म्हटलं की शेवटपर्यंत खरेदीदारच. मध्येच "पार्टी", "ग्राहक", "सदर कंपनी" आलं की हा कोणी नवा माणूस आहे का, अशी शंका येते. निबंधात तोच शब्द पुन्हा वापरणं कंटाळवाणं वाटतं, करारात तो गुण आहे.

आपल्याकडे एकाच छपराखाली वडिलांची एक फर्म, मुलाची दुसरी आणि वहिनींच्या नावाने तिसरी अशी रचना सर्रास असते. म्हणून फर्मचं नाव, ती प्रोप्रायटरी (एकाच मालकाची) आहे की भागीदारी की कंपनी, जीएसटी क्रमांक आणि असल्यास उद्यम क्रमांक (लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा) लिहा. प्रोप्रायटरी फर्मला मालकापासून वेगळं कायदेशीर अस्तित्व नसतं, तेव्हा मालकाचं नाव हवंच. सही करणारा कोणत्या अधिकाराने सही करतो तेही लिहा.

प्रत्येक वाक्यात कर्ता बसवा

मराठी करारांची सर्वात मोठी खोड म्हणजे "करण्यात येईल". सरकारी परिपत्रकांतून ही भाषा आली आणि टायपिंगवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये कायमची मुक्कामाला राहिली. हे वाक्य पाहा:

"माल प्राप्त झाल्यानंतर तपासणीअंती योग्य आढळल्यास रक्कम लवकरात लवकर अदा करण्यात येईल."

तपासणी कोण करणार? किती दिवसांत? योग्य हे कोणी ठरवायचं? अयोग्य आढळलं तर? रक्कम पूर्ण की उरलेली? सगळ्यांची उत्तरं खरेदीदाराच्या सोयीवर. हेच असं लिहिता येतं:

"माल खरेदीदाराच्या गोडाऊनमध्ये पोचल्यापासून ७ दिवसांत खरेदीदार तो तपासेल. दोष आढळल्यास खरेदीदार त्याच ७ दिवसांत कारखानदाराला दोषाचे वर्णन आणि नगांची संख्या लेखी कळवेल. या मुदतीत लेखी हरकत आली नाही तर खरेदीदाराने माल स्वीकारला असे दोन्ही पक्ष धरतील. खरेदीदार मालाच्या स्वीकृतीपासून ३० दिवसांत बिलाची पूर्ण रक्कम कारखानदाराच्या परिशिष्ट २ मधील बँक खात्यात जमा करेल."

लांबी वाढली, पण चार वाक्यांत चार कामं आली आणि प्रत्येकाला मालक मिळाला. एका वाक्यात एकच कर्तव्य ठेवा. "आणि", "तसेच", "व त्याअन्वये" यांनी जोडलेलं पाच ओळींचं वाक्य दिसलं की तिथे कात्री लावा.

क्रियापदांचाही एक नियम पाळा. "देईल, कळवेल, पोचवेल" हे कर्तव्यासाठी. "देऊ शकेल, परत करू शकेल" हे हक्कासाठी. "देणार नाही" हे मनाईसाठी. एका कलमात "देईल", दुसऱ्यात "देणे अपेक्षित आहे", तिसऱ्यात "देण्याचा प्रयत्न करेल" असं लिहिलं तर वाचणारा तीन वेगळे अर्थ लावेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

सर्वनामांची फजिती वेगळीच. "यंत्रमागधारक कारखानदाराला माल देईल आणि त्याच्या खर्चाने तो गोडाऊनपर्यंत पोचवेल." त्याच्या म्हणजे कोणाच्या? आणि "तो" म्हणजे माल की माणूस? "यंत्रमागधारक स्वतःच्या खर्चाने माल कारखानदाराच्या गोडाऊनपर्यंत पोचवेल" असं लिहिलं की वाद मिटला. विशेषणांचंही तेच. "रंगीत टॉवेल आणि नॅपकिन" यात नॅपकिन पांढरा चालेल का? दोन्ही रंगीत हवे असतील तर "रंगीत टॉवेल आणि रंगीत नॅपकिन" लिहा. शाई फार लागत नाही.

माल मोजून सांगा

"उत्तम प्रतीचा टॉवेल" हे वर्णन दुकानाच्या पाटीवर ठीक. करारात प्रत मोजता आली पाहिजे. टॉवेलच्या बाबतीत निदान एवढं लागतं: लांबी-रुंदी, ती धुण्याआधीची की धुतल्यानंतरची, जीएसएम, सुताचा काउंट (जाडी-बारीकपणाचा आकडा), रंग आणि त्याचा पक्केपणा, किनार व शिलाई, डझनाचं पॅकिंग, आणि "सेकंड", म्हणजे दोष असलेला दुय्यम माल, कशाला म्हणायचं.

"अंदाजे ४५० जीएसएम" या एका शब्दाची किंमत काढून पाहू. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. ३० बाय ६० इंच टॉवेलचं क्षेत्रफळ होतं सुमारे १.१६ चौरस मीटर, म्हणजे ४५० जीएसएमला एका नगाचं वजन सुमारे ५२३ ग्रॅम. "अंदाजे"मध्ये कोणी ५ टक्के कमी धरले तर नगामागे २६ ग्रॅम गेले. ५०० डझनांत, म्हणजे ६००० नगांत, सुमारे १५७ किलो सूत. आता ते "अंदाजे" कोणाच्या बाजूने आहे, हे कारखानदार आणि खरेदीदार वेगवेगळं सांगणार. म्हणून सूट आकड्यात लिहा: "४५० जीएसएम, अधिक किंवा उणे ३ टक्के; प्रत्येक गाठीतून खरेदीदार निवडेल त्या १० नगांच्या सरासरीवर." एका नगावर मोजायचं की सरासरीवर, हा फरक बहुतेक करारांत सुटलेला असतो.

आणखी एक गंमत. सुती माल हवेतला ओलावा ओढतो. सोलापूरच्या मे महिन्यात तोललेला टॉवेल आणि मुंबईच्या जुलैत तोललेला तोच टॉवेल, यांचं वजन सारखं भरत नाही. दोघेही खरं बोलत असतात आणि तरी भांडतात. प्रयोगशाळा म्हणूनच ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या प्रमाण हवामानात नमुना ठेवून मग वजन करतात. मोठी ऑर्डर असेल तर "वाद झाल्यास दोघांनी निवडलेल्या एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल अंतिम, चाचणीचा खर्च ज्याचे म्हणणे चुकीचे ठरेल त्याचा" हे वाक्य घाला (एनएबीएल म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था). छोट्या ऑर्डरीला तेवढी गरज नाही, पण वजन कुठे करायचं हे तरी लिहा.

नमुना दाखवून सौदा झाला असेल तर मालविक्री अधिनियम, १९३० प्रमाणे सगळा माल प्रतीने त्या नमुन्याशी जुळला पाहिजे. मग तो नमुना जपून ठेवायला हवा. दोन नमुने घ्या, दोन्ही नमुन्यांवर दोघांच्या सह्या आणि तारीख, पिशवी सीलबंद, एकेक प्रत एकेकाकडे. करारात लिहा: "परिशिष्ट १ मधील वर्णन आणि सीलबंद नमुना यांत फरक आढळल्यास वर्णन ग्राह्य." किंवा नमुना ग्राह्य. कोणतंही एक लिहा.

चादरीचा सौदा असेल तर एक जास्तीची काळजी. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. "सोलापुरी" हा शब्द करारात घातला तर माल कुठे विणलेला असेल हेही लिहा. बाहेरून आणलेली चादर त्या नावाने देणं हा निव्वळ कराराचा भंग राहत नाही.

तारीख, मुदत आणि "पर्यंत"

"दिवाळीपर्यंत", "वारीच्या आधी", "सीझन सुरू झाल्यावर" हे सगळं काढून टाका आणि तारीख लिहा. "१५ दिवसांत" लिहिलं तर कशापासून हे त्याच वाक्यात सांगा: बिलाच्या तारखेपासून, माल निघाल्यापासून, की पोचल्यापासून? ट्रान्सपोर्टला माल दिला ती बिल्टीची तारीख आणि मुंबईत गोडाऊनला पोचल्याची तारीख यांत काही दिवस जातात. "१० तारखेपर्यंत" मध्ये १० तारीख धरायची का? "१० तारखेस किंवा त्यापूर्वी" लिहिलं की प्रश्न राहत नाही. "एक महिना" ऐवजी "३० दिवस" बरं. शेवटचा दिवस रविवारी किंवा बँकेच्या सुट्टीला आला तर काय, हेही एका ओळीत सांगा.

मुदत खरोखर महत्त्वाची असेल, म्हणजे उशिराचा माल खरेदीदाराला नकोच असेल, तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. करार अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे वेळ हा कराराचा गाभा होता का, यावर उशिराचे परिणाम ठरतात. "मुदत हा या कराराचा गाभा आहे, १५ सप्टेंबरनंतर आलेला माल खरेदीदार नाकारू शकेल" असं वाक्य घालताना कारखानदाराने दोनदा विचार करावा. पॉवरकट आणि कामगारांची यात्रेची सुट्टी हे सोलापुरात आश्चर्य नाही, ते आधीच मुदतीत धरा.

पैसे

इथे तीन वाक्यं लागतात आणि बहुतेक करारांत एकच असतं. दर किती आणि जीएसटी त्यात आहे की वेगळा. केव्हा द्यायचे. उशीर झाला तर व्याज किती आणि कोणत्या दिवसापासून.

पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर एमएसएमईडी अधिनियम, २००६ (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा) लागू होतो. त्यात पैसे देण्याची मुदत करारात लिहूनसुद्धा स्वीकृतीपासून ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मुदत लिहिलीच नसेल तर १५ दिवस. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. करारात "९० दिवसांची उधारी" आनंदाने लिहिणारे दोघेही हे विसरतात. हा फायदा हवा असेल तर उद्यम नोंदणी करारापूर्वीची असावी आणि तिचा क्रमांक करारात असावा. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याने मात्र हे संरक्षण गृहीत धरू नये.

सुताचा भाव वरखाली होतो म्हणून "सुताचा भाव वाढल्यास दर वाढवून मिळेल" असं लिहितात. किती वाढल्यास, कोणत्या काउंटचं सूत, भाव कुठला? असं लिहा: "करारदिवशी परिशिष्ट १ मधील सुताचा भाव किलोला अमुक रुपये धरला आहे. कारखानदाराच्या खरेदी बिलानुसार हा भाव किलोला १० रुपयांपेक्षा जास्त वाढला किंवा कमी झाला, तर त्या १० रुपयांवरील प्रत्येक रुपयामागे टॉवेलचा दर नगाला ५५ पैशांनी वाढेल किंवा कमी होईल." ५२३ ग्रॅमचा नग, अधिक थोडी घट, म्हणून ५५ पैसे. आकडा तुमच्या मालाप्रमाणे बदलेल. वाढ आणि घट दोन्ही लिहिली की खरेदीदारही सही करताना कुरकुरत नाही.

रक्कम अंकांत आणि अक्षरांत दोन्ही लिहा, आणि जुळवून पाहा. चेकवर दोन्हींत फरक असला तर कायद्याने अक्षरी रक्कम धरली जाते. करारात तोच नियम हवा असेल तर तो लिहा. "साडेसतरा" म्हणजे कोणाला १७.५० आणि कोणाला साडेसतरा हजार वाटू शकतात.

जॉब वर्कचा करार: घट आणि खळ

यंत्रमागधारकाबरोबर बहुधा करारच नसतो, वहीत नोंद असते. त्यातही निदान घट लिहून ठेवा. "३ टक्के घट माफ" हे अर्धं वाक्य झालं. १०० किलो सूत दिलं तर ९७ किलो कापड परत, असं कारखानदार समजतो. पण विणण्याआधी सायझिंगमध्ये ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, खळ चढते आणि वजन वाढते. खळ धरून ९७ किलो भरले तर सूत प्रत्यक्षात किती आलं? म्हणून घट "सुताच्या वजनावर, खळीचे वजन वजा करून" मोजायची की खळीसकट, हे लिहा. माफ घटीपेक्षा जास्त गेलं तर त्या सुताचा भाव कोणत्या दिवसाचा, आणि वेस्ट सूत कोणाचं, हेही.

सुताची मालकी कारखानदाराचीच राहते, हे वाक्य हवं. यंत्रमागधारकाच्या शेडवर बँकेने जप्ती आणली तर तुमचं सूत त्याच्या मालात मोजलं जाऊ नये. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉब वर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो; करारातली मुदत त्याच्या आतच असावी आणि प्रत्येक फेरीला डिलिव्हरी चलन असावं. मजुरी मीटरवर, किलोवर की डझनावर, ते एका ओळीत.

चुकलं तर काय

"करारभंग झाल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल" या वाक्याने कोणी घाबरत नाही आणि काही ठरतही नाही. प्रत्येक महत्त्वाच्या चुकीला तिचा परिणाम जोडा. उशिरासाठी उदाहरणार्थ: "उशिराच्या प्रत्येक पूर्ण आठवड्यासाठी कारखानदार न पोचलेल्या मालाच्या किमतीच्या १ टक्का रक्कम देईल, एकूण कमाल ५ टक्के." करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट करारात लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेतच वाजवी भरपाई देतं. "एक दिवस उशीर झाला तर ५ लाख दंड" लिहून ५ लाख आपोआप मिळत नाहीत. फुगवलेला आकडा उलट कलमच कमकुवत दाखवतो.

"करार संपल्यावर ३ वर्षे यंत्रमागधारक दुसऱ्या कोणाचे काम घेणार नाही" असं कलम आवडीने घालतात. त्याच अधिनियमाच्या कलम २७ मुळे असा धंदाबंदीचा करार साधारणपणे निरर्थक ठरतो. त्यापेक्षा तुमचं डिझाइन आणि जॅकार्ड कार्ड (मागावर नक्षी उतरवणारं छिद्रांचं कार्ड) दुसऱ्याच्या मालाला वापरायचं नाही, करार संपल्यावर ७ दिवसांत परत द्यायचं, असं नेमकं लिहा. ते टिकण्याची शक्यता कितीतरी जास्त.

हल्ली निम्मे बदल व्हॉट्सॲपवर होतात: "२० डझन वाढवा", "निळा नको, मरून". इलेक्ट्रॉनिक संदेशांनीही करार होऊ शकतो आणि बदलूही शकतो. म्हणून कोणते बदल व्हॉट्सॲपवर चालतील (रंग, पॅकिंग, पत्ता) आणि कोणते दोघांच्या सहीच्या कागदावरच (दर, मुदत, एकूण संख्या) हे ठरवा, आणि कोणाचा नंबर अधिकृत, तेही लिहा. गोडाऊनमधल्या पोराने पाठवलेला अंगठा ही संमती होती का, यावर भांडण नको.

वाद कुठे नेणार

"वाद झाल्यास लवादाकडे जाता येईल" यातलं "येईल" घात करतं. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की पक्षांनी पुढे ठरवलं तर लवाद, अशी भाषा म्हणजे लवादाचा करारच नव्हे. लवाद हवा असेल तर "दोन्ही पक्ष वाद एका लवादाकडे सोपवतील" लिहा, लवादाचं स्थान सोलापूर, भाषा मराठी, आणि नेमणूक दोघांच्या संमतीने. एकाच पक्षाने आपल्या मर्जीचा एकमेव लवाद नेमण्याची पद्धत २०१९ च्या निकालानंतर टिकत नाही.

कोर्ट हवं असेल तर "फक्त सोलापूर येथील न्यायालयांना अधिकार राहील" एवढं पुरे, कारण करार किंवा माल यांचा सोलापूरशी संबंध आहेच. दोघांचा आणि सौद्याचा काहीच संबंध नसलेल्या शहरातल्या कोर्टाला निव्वळ लिहून अधिकार देता येत नाही. दाव्याची मुदत कमी करणारं वाक्य, उदाहरणार्थ "६ महिन्यांनंतर कोणताही दावा करता येणार नाही", घालू नका. करार अधिनियमाचं कलम २८ ते निरर्थक ठरवतं.

वाचून दाखवा

सोलापुरात करार मराठीत, बोलणी तेलुगूत आणि सुताचा व्यापारी कन्नडमध्ये हिशेब सांगणारा, हे रोजचं चित्र. पूर्व भागातल्या यंत्रमागधारकाला मराठी बोलता येतं म्हणजे "उपरोक्त नमूद बाबींस अधीन राहून" समजतं असं नाही. सहीआधी करार मोठ्याने वाचा, त्याच्या भाषेत समजावा, आणि शेवटी "हा करार तेलुगूत समजावून सांगितला, तो मला समजला" अशी ओळ त्याच्या सहीने घ्या. दोन भाषांत करार असेल तर फरक पडल्यास कोणती प्रत ग्राह्य, ते लिहा. संदिग्ध कलमाचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावण्याचं तत्त्व कोर्टं विशेषतः छापील, एकतर्फी करारांत वापरतात, त्यामुळे समोरच्याला न कळलेली भाषा तुमच्याच अंगाशी येऊ शकते.

मग खरी परीक्षा. सौद्याशी संबंध नसलेल्या माणसाला, शेजारच्या कारखान्याच्या हिशेबनिसाला चालेल, करार द्या आणि पाच प्रश्न विचारा. पहिले पैसे कोणत्या तारखेला येणार? माल रस्त्यात भिजला तर नुकसान कोणाचं? ४४० जीएसएमचा माल चालेल का? नमुना आणि माल जुळला नाही तर पहिलं पत्र कोणी, किती दिवसांत लिहायचं? करार कधी संपतो? तो जिथे अडखळेल तिथलं कलम पुन्हा लिहा. तुम्ही समजावून सांगायला तोंड उघडलं की परीक्षा नापास.

सही

ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अनेक साध्या करारांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. मुद्रांक कमी असेल तर शुल्क आणि दंड भरेपर्यंत कागद पुराव्यात घेतला जात नाही. नोटरीचा शिक्का सही कोणाची ते सांगतो, वाक्य दुरुस्त करत नाही. मोठ्या रकमेचा किंवा परराज्यातला सौदा असेल तर मसुदा वकिलाला दाखवा. वर सांगितलेलं केलं असेल तर त्यांचं कामही लवकर होतं.

प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या, परिशिष्टांवरही. खाडाखोड असेल तिथे शेजारी सही. मोकळ्या जागांवर आडवी रेघ मारा, विशेषतः दर आणि तारखेच्या पुढे. दोन मूळ प्रती करा, स्कॅन दोघांना मेल करा, आणि सीलबंद नमुना उन्हापासून दूर कपाटात ठेवा. रंग उतरला तर मूळ रंग कोणता होता, यावर पुन्हा पहिल्यापासून वाद सुरू होईल.